मदत हवी आहे: दालमिलच्या प्रोजेक्टमधली रिस्क कशी मोजायची?

भाऊहो, दारव्ह्याकडं आमच्या शेतकरी गटाची दालमिल टाकाची आहे, प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून राहिलो. रिस्क मॅट्रिक्स केलं, शक्यता 1 ते 5, परिणाम 1 ते 5 अन् दोन्हीचा गुणाकार. आता लाइट जाणं 5×1 न् गोडाऊनला आग 1×5, दोन्हीचा स्कोर 5च येते, हे मले बिलकुल पटत नाही, लाइट गेली त जनरेटर लावू, पण तूर जळाली त गटच बसते. मग परिणाम 5 असला की स्कोर न पाहता त्याले वरच घ्यायचं का?

दुसरं, मशीन बसवाले लवकरात लवकर 6, नेहमीचे 8 न् उशीर झाला त 16 आठवडे धरले. मधल्याले चारपट वजन देऊन तिन्हीची बेरीज केली न् सहानं भागलं त 9 आले. बँकेले 9 सांगू, का 16 धरून हप्त्याचा पैसा बाजूले ठेवू? कोणी असा रिपोर्ट केला असन त नक्की सांगा, जानेवारीत तूर निघाच्या आधी ठरवाचं आहे.