रोमच्या सहलीतील एकत्र जेवण: कोशेर इटालियन उपाहारगृहाविषयी

प्रेषक: सचिव, सहल समिती

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

वसंतातील रोमच्या सहलीसाठी नावे येऊ लागली आहेत आणि त्यांच्यासोबत जेवणाविषयीच्या शंकाही. यंदा भारतातून आलेले बरेच आईवडील बरोबर असतील. त्यांतील काही जण शुद्ध शाकाहारी आहेत, काहींना अंडेही चालत नाही. रोमच्या जुन्या ज्यू वस्तीतील एखाद्या कोशेर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणाऱ्या, इटालियन उपाहारगृहात सर्वांनी एकत्र जेवावे, अशी एक सूचना आली आहे. तेथे आपल्या मंडळींची खरोखर सोय होते का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर कळवावे.

प्रेषक: एक सभासद

सचिवताई, नमस्कार.

सूचना उत्तम आहे. मात्र त्या वस्तीत मांसाची आणि दुधाची अशी दोन प्रकारची कोशेर उपाहारगृहे आहेत, आणि आपण जावे ते दुधाच्या. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येऊ शकत नाही. दोहोंची भांडीसुद्धा वेगळी ठेवावी लागतात. त्यामुळे दुधाच्या स्वयंपाकघरात मटण, कोंबडी किंवा हाडांचे पाणी शिरतच नाही. रोममधल्या इतर खानावळींत पास्त्याच्या सॉसमध्ये ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे खारवलेले चरबीदार मांस, सहज पडते, आणि ज्येष्ठांना प्रत्येक ताटाची चौकशी करत बसावे लागते. कोशेर मांसाच्या ठिकाणी डुक्कर नसले, तरी कार्बोनारा हा मांसाचा पास्ता सुकवलेल्या गोमांसावर करतात आणि पास्त्यावर चीज मिळत नाही. आपल्या गटासाठी ते कामाचे नाही.

तरीही कोशेर म्हणजे शाकाहारी नव्हे, हे घरी आधीच समजावून सांगावे. मासे मांसात धरले जात नाहीत, म्हणून ते दुधाच्या स्वयंपाकघरातही असतात. चवळीएवढा तुकडाही ज्यांना चालणार नाही, त्यांनी भोपळ्याच्या फुलांची भजी मागवताना विशेष जपावे, कारण आत मोझरेलाबरोबर बहुधा अँचोव्ही हा छोटा खारवलेला मासा भरलेला असतो. तळणाचे तेल माशांसाठी वेगळे आहे का, हेही विचारावे. अंड्याचेही तसेच: ताजा पास्ता अंड्याचा असू शकतो, सुका पास्ता बहुतेक रव्याचा आणि पाण्याचा असतो.

आता ज्याच्यासाठी जायचे तो पदार्थ, कार्चोफी आल्ला जुदिया, म्हणजे ज्यू पद्धतीचे तळलेले आर्टिचोक (फुलाच्या कळीसारखी एक भाजी). रोमच्या परिसरातील गोल, बिनकाट्यांचे आर्टिचोक फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास उत्तम मिळतात, म्हणजे आपली तारीख जुळते आहे. बाहेरच्या निबर पाकळ्या काढून, सुरी गोल फिरवत आर्टिचोक कोरतात आणि लिंबाच्या पाण्यात टाकतात. मग बेताच्या गरम तेलात आतला गर मऊ होईपर्यंत तळून बाहेर काढतात, थोडे निवाले की पाकळ्या हाताने उलगडतात आणि कडकडीत तेलात पुन्हा तळतात. बाहेरच्या पाकळ्या पापडासारख्या मोडतात, आतला गर मात्र लोण्याइतका मऊ राहतो. वर फक्त मीठ. इतक्या कमी साहित्यात इतकी चव आणणाऱ्या हातांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

२०१८ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) कार्यालयाकडून असा आक्षेप आला, की अख्ख्या आर्टिचोकच्या पाकळ्यांत किडे राहू शकतात, म्हणून तो कोशेर मानता येत नाही. रोमच्या ज्यू समाजाने हे मान्य केले नाही. आमच्याकडचा आर्टिचोक इतका घट्ट असतो की कीड आत जात नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि पदार्थ चालूच राहिला. मला त्यांचा हा आग्रह योग्य वाटतो. पोप चौथे पॉल यांच्या फर्मानाने १५५५ मध्ये हा समाज भिंतींच्या आत कोंडला गेला, त्यांना जुन्या कपड्यांच्या व्यापारापलीकडे फारसे काही करू दिले गेले नाही, आणि ही अवस्था थोड्याफार फरकाने १८७० पर्यंत टिकली. अशा काळात जपलेल्या स्वयंपाकाचा निवाडा त्याच गल्लीत व्हावा, हे बरे.

प्रेषक: एक सभासद

सचिवताईंस आणि वरील पत्र लिहिणाऱ्या दादांस नमस्कार.

आमचे घराणे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्यापैकी आम्ही. मांस आणि दूध वेगळे ठेवण्याची आम्हांला घरचीच सवय. म्हणूनच आमच्याकडे मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध असते. त्या आधारावर काही गोष्टी जोडते.

चीजविषयी दादांनी लिहिलेले नाही. पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरूनच करतात, तसा त्या चीजचा नियमच आहे. कोशेर रीतीने मारलेल्या वासराच्या रेनेटपासून बनलेले चीज धर्मनियमांत दुधाचाच पदार्थ मानले जाते. त्यामुळे कोशेर चीज कट्टर शाकाहारी माणसाला चालेलच, असे नाही. अशांनी टोमॅटोचा पास्ता वरून चीज न घालता मागवावा, आणि सोबत कोंचा घ्यावी: तळलेल्या झुकिनीच्या चकत्या, व्हिनेगर आणि लसूण घालून मुरवलेल्या. लसूण न खाणाऱ्यांसाठी आर्टिचोक आहेच.

शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी ही ठिकाणे बंद होतात, शनिवारी दिवसा उघडत नाहीत. ईस्टरची सुट्टी ज्यूंच्या पेसाह सणाशी अनेकदा गाठ घालते, आणि त्या दिवसांत नेहमीचा पास्ता, पिझ्झा, पाव मिळत नाही. तारीख ठरवण्यापूर्वी हे अवश्य पाहावे. दारातील कोशेर प्रमाणपत्रही वाचावे, कारण त्या वस्तीतील प्रत्येक उपाहारगृह कोशेर नाही. शिवाय मेतकूट, चटणी किंवा दशम्यांचा डबा आत उघडू नये. बाहेरचे अन्न तेथे चालत नाही, आणि आपल्या एका डब्याने त्यांच्या स्वयंपाकघराची अडचण होऊ शकते.

जेवणानंतर व्हिया देल पोर्तिको द'ओत्ताविया या रस्त्यावरील बोच्चोने बेकरीत थांबावे. पाटी शोधू नका, ती नाही, रांग दिसेल. रिकोत्ता हे मऊ चीज आणि आंबट चेरी भरून भाजलेला गोड टार्ट तेथे करपल्यासारखा काळसर दिसतो, पण तो तसाच असायचा असतो. तेथून जवळच्या चौकाला १६ ऑक्टोबर १९४३ या दिवसाचे नाव आहे. त्या पहाटे जर्मनांनी या गल्ल्यांतून आणि शहरभरातून हजाराहून अधिक ज्यू धरून आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवले; त्यांतील सोळा परत आले. घरांच्या दारांपुढील पितळी दगडांवर अशा नेलेल्यांची नावे आहेत. आपल्या गटाने ती थांबून वाचावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रेषक: सचिव, सहल समिती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शुक्रवार-शनिवार आणि पेसाहचे दिवस टाळून गुरुवारी दुपारचे जेवण दुधाच्या कोशेर उपाहारगृहात ठेवावे, असे समितीने ठरवले आहे. अंडे, मासे, लसूण आणि रेनेटयुक्त चीज यांपैकी काय चालत नाही, ते प्रत्येकाने नावासोबत रविवारपर्यंत लिहून कळवावे. ती यादी आरक्षणाच्या वेळीच त्यांच्याकडे पाठवली जाईल.