'स्नूकर झालो' की 'कोंडी झाली'?

मांडवीकाठ
आमच्या क्लबाच्या स्मरणिकेसाठी स्नूकरवर लेख दिलाय. मी निव्वळ हौशी खेळाडू, दुकानाचं शटर ओढलं की पाय आपोआप टेबलाकडे वळतात. लेखात एक वाक्य होतं: 'गुलाबी आणि काळा एवढेच उरले आणि मी स्नूकर झालो.' संपादकांनी ते 'माझी कोंडी झाली' असं केलं.
मला हे पटत नाही. कोंडी म्हणजे चारी बाजूंनी वाट बंद. तिथे मारायचा पांढरा बॉल काळ्याच्या मागे अडकला होता, आणि ज्याला तो आधी लागायला हवा तो गुलाबी पलीकडे. बंद होती ती फक्त सरळ रेघ. एका कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, नाहीतर दोन कुशनवरून वाट होतीच, आणि ती शोधण्यातच तर या खेळाची सगळी गोडी आहे. टेबलाभोवती फिरायचं, वाकून कोन बघायचा, परत सरळ उभं राहायचं. त्या अवस्थेला मराठीत नेमकं काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ
'आड' आहे की! दाराआड, झाडाआड, डोंगराआड. 'गुलाबी काळ्याच्या आड गेला.' इतका स्वच्छ शब्द हाताशी असताना 'स्नूकर झालो' कशाला? नाम हवं असेल तर 'आडचेंडू' करा. आणि लेखात 'पॉट केला' असंही असणार. तिथे 'खिशात घातला' चालेल.

फोंडेकर
ताई, 'आड गेला' बरोबर आहे, पण 'आडचेंडू' कुणाच्या तोंडी बसेल? स्नूकरच्या टेबलावर 'चेंडू' म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि 'खिशात घातला' म्हणजे सामना खिशात घातला, पैसे खिशात घातले. बॉल 'पडतो', नाहीतर 'टाकतात'.
आम्ही फोंड्याला पूल खेळताना बोलतो कोंकणी, म्हणून 'बॉल पडलो'. लिहिताना 'पडला'. एकदा पुण्याच्या पाहुण्याने 'पडलो' ऐकलं आणि कोण पडलं म्हणून मागे वळून बघितलं.
बाकी आमचे शब्द: बॉलच्या कडेला मारलेला कट बारीक गेला तर 'पातळ लागला', जास्त बॉल घेतला तर 'जाड लागला'. यांना कुणी भाषांतर म्हणत नाही, खेळता खेळता झालेत.

शब्दवेल्हाळ
'जाड-पातळ' झकास. पण म्हणजे मराठीत शब्द घडू शकतात हेच तुम्ही सिद्ध केलंत. विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे, 1958 साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत जगज्जेता ठरलेल्या पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा. इतकी मोठी माणसं या मातीत जन्मली आणि आपण साधा 'आड' लिहायला संकोचतो, याचं मला वाईट वाटतं.

मार्करचा मुलगा
माझे बाबा पणजीच्या एका क्लबात मार्कर होते. गुण मांडायचे, लाल परत रचायचे, जोडीदार आला नाही तर मेंबरांबरोबर खेळायचे. त्यांच्याकडून आलेला एक शब्द देतो: लव. टेबलावरच्या कापडाला लव असते, बॉकच्या, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या बाजूकडून काळ्याच्या बाजूकडे. ब्रश त्याच दिशेने मारायचा, उलटा कधीच नाही. मी लहानपणी तिथे तळहात फिरवून बघायचो. एकीकडे हात मऊ सरकायचा, परत येताना अडायचा. लवीच्या उलट हळू मारलेला बॉल शेवटच्या वीतभरात वळतो, हे मला बाबांनी दाखवलं.
आणि गोव्याचा पावसाळा! जून लागला की कापड ओल धरतं, बॉल जड पळतो, कुशन वेगळंच उत्तर देतं. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात ते उगीच नाही. बाबा कापडाला इस्त्री करायचे, तीही लवीच्याच दिशेने.
जुने मेंबर क्यूला 'ताकू' म्हणायचे आणि खेळाला 'बिल्यार'. दोन्ही पोर्तुगीज.

मांडवीकाठ
लव! हा शब्द लेखात घालतो. बाब, मनापासून आभार.

रेघोटी
स्नूकर हा शब्द मुळात कशासाठी होता ते लक्षात घ्या. 1875 साली जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने हा खेळ रचला, पुढे 1882 साली उटीच्या क्लबात नियम लिहून काढले. वुलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कॅडेटला 'स्नूकर' म्हणत. सोपा बॉल हुकवणाऱ्याला चेंबरलेनने तो शब्द चिकटवला, अशी हकीकत आहे. म्हणजे मुळात 'नवशिका'! त्यात आडही नाही आणि कोंडीही नाही. मग शब्दशः अर्थाच्या मागे का लागायचं? जबलपूरला जन्मलेला शब्द आपलाच आहे, तसाच ठेवा.

करंबळ
'क्यू' फ्रेंच शेपटीवरून आला. पूर्वी जाड डोक्याच्या दांडक्याने खेळत, बॉल कुशनला चिकटला की त्याची बारीक शेपटी वापरत. पण खरी मजा 'कॅनन'मध्ये, म्हणजे एकाच फटक्यात पांढरा दोन बॉलांना लागतो त्या शब्दात आहे. तोफेशी त्याचा संबंध नाही. तो 'कॅरम'चा अपभ्रंश, कॅरम 'कारांबोला'चं तुटकं रूप, आणि कारांबोला म्हणजे पोर्तुगिजात लाल बॉल, बॉलांची टक्कर, शिवाय आपलं करंबळाचं फळ! इंग्रजी कोशांतही मराठी 'करंबळ'पर्यंत माग काढलेला आहे. म्हणजे लंडनच्या टेबलावर कॅनन लागतो तेव्हा आपल्या परसातलं फळ वाजतं.

फोंडेकर
करंबळ की करमळ? करमळ हे वेगळं झाड, मोठी पांढरी फुलं येतात. काणकोणला जाताना लागतो तो करमल घाट. आंबट, पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसते ते करंबळ. लोक दोन्ही नावं सर्रास मिसळतात.

रेघोटी
आणि ते फळ लाल कुठे असतं? गोल तर नाहीच. पिवळट, धारदार फळावरून लाल गोल बॉलचं नाव पडलं हे माझ्या गळी उतरत नाही. दुसरं म्हणजे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहत होते, त्यांचं पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात हे फळ आहे, आणि नाव मलबारकडून घेतल्याचं ते सांगतात. मग मराठीचा दावा कसा टिकणार?

करंबळ
ओर्तांनी ऐकलं ते मलबारी रूप. 'करंबळ' आणि ते रूप भावंडं आहेत, दोघांच्या मागे संस्कृत 'कर्मरंग' आहे. मी तरी उद्यापासून कॅनन लागला की 'करंबळ' म्हणणार.

शब्दवेल्हाळ
नका म्हणू. व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणून शब्द चलनात येत नाही. समोरच्याला वाटेल तुम्ही लोणच्याबद्दल बोलताय.

फोंडेकर
हेच मी 'आडचेंडू'बद्दल म्हणत होतो, ताई.

मार्करचा मुलगा
बाबांना विचारलं. जुने मेंबर टक्कर लागली की 'कारांबोला' असं ओरडायचे, हे त्यांना पक्कं आठवतं. फळाला मात्र ते करमळच म्हणतात, आणि ते चूक आहे हे त्यांना मान्य नाही.