माजी सरपंच चुलतीला वसुलीची नोटीस, डिजिटल सहीची डोंगल मात्र ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरकडे होती. खुलासा कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

माझी चुलती महिला राखीव जागेवर गेल्या टर्मला सरपंच होती. आता ऑडिटमध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून केलेल्या पाइपलाइनच्या बिलावर आक्षेप निघालाय. बिल अदा झालंय, पण मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही आणि कामपूर्तीचा दाखलाही फाइलला नाही. ही रक्कम सरपंच आणि ग्रामसेवकाकडून निम्मी-निम्मी वसूल का करू नये, अशी नोटीस आलीय.

पैसे पीएफएमएसवरून (सरकारी निधीची ऑनलाइन देयक प्रणाली) दोघांच्या डिजिटल सहीने गेले. चुलतीची डोंगल (डिजिटल सही असलेलं पेनड्राइव्हसारखं उपकरण) आणि पिन ऑपरेटरकडेच असायचे. ग्रामसेवक म्हणायचे, 'ताई, तुम्ही कशाला त्रास घेता?' सही तिची आहे, ती जबाबदारी ती नाकारत नाही. पण एक पैसाही तिने घेतलेला नाही, आणि त्याच पाइपलाइनचं पाणी आज वस्तीवर येतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चं कलम 178 मी वाचलं. निधीची हानी, अपव्यय किंवा गैरवापर सदस्याच्या गैरवर्तणुकीमुळे किंवा कर्तव्यातल्या घोर हयगयीमुळे झाला असेल, तर तो सदस्य व्यक्तिशः जबाबदार ठरतो. मग डोंगल दुसऱ्याच्या हातात देणं ही घोर हयगय धरतात का? आणि काम जागेवर असेल तर हानी झाली असं म्हणता येईल का? शाखा अभियंत्याकडून आता मोजमाप करून घेऊन ते खुलाशाला जोडलं, तर ग्राह्य धरतात का? मला तरी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गावात कुणीतरी गुन्हा दाखल होणार म्हणून उठवलंय, तेव्हापासून तिला झोप नाही. व्यवहार 1 जुलै 2024 च्या आधीचा आहे, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम 409 (लोकसेवकाने केलेला फौजदारी विश्वासघात) लागेल. पण त्यासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो, हे मी बरोबर समजलोय ना?

नमुना 5 ची रोकडवही, व्हाउचर आणि मासिक सभेचा ठराव यांच्या नकला माहिती अधिकारात मागितल्यात, पण त्या वेळेत हाती येतील असं वाटत नाही. नोटिशीची मुदत पुढच्या सोमवारी संपतेय. तोवर लेखी मुदतवाढ मागावी की आहे तेवढ्यावर खुलासा देऊन टाकावा? ज्यांनी अशी प्रकरणं हाताळलीत, त्या निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी किंवा वकिलांनी कृपया सांगावं.