सीपॅनलमधल्या क्रॉन जॉबची यादी एपीआयने कशी मिळवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
माझ्याकडे 14 ग्राहकांची सीपॅनल (वेब होस्टिंग सांभाळायचं पॅनल) खाती आहेत. कुठल्या खात्यात कोणता क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) चालू आहे, हे रोज लॉगिन करून बघायचा कंटाळा आलाय. टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) तयार करून 2083 पोर्टवर सीपॅनलच्या एपीआय 2 (प्रोग्रॅममधून माहिती मागवायची सोय) मधलं 'लिस्टक्रॉन' वापरलं. मिनिट, तास, कमांड सगळं नीट येतं. पण एपीआय 2 आता जुनं झालंय, म्हणून यूएपीआयमध्ये (सीपॅनलचं नवं एपीआय) याला पर्याय शोधतोय. तुम्ही काय वापरता?

दुसरं म्हणजे, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आहे, त्यामुळे आपल्या मध्यरात्रीचा बॅकअप यादीत 18:30 दिसतो. (परवा यावरून उगीच घाबरलो!) यादी भारतीय वेळेत दाखवताना '*/5' (मिनिटाच्या जागी असेल तर दर 5 मिनिटांनी) सारख्या नोंदींचं काय करता?

एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) नाही, त्यामुळे 'क्रॉनटॅब -एल' (क्रॉन जॉबची यादी दाखवणारी कमांड) सुचवू नका.