ढीग उचलला, आता यादीतून नावही काढायचं का?

कुळागरकार (धागा सुरू करणारे)

अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागांची एक राष्ट्रीय यादी असते. १९८० साली कायदा झाला, लोक त्याला 'सुपरफंड' म्हणतात, आणि १९८३ साली ४०६ जागांची पहिली यादी निघाली. पाणी, माती, हवा यांना किती धोका आहे ते बघून जागेला गुण देतात. १०० पैकी २८.५० किंवा त्याहून जास्त पडले की जागा यादीत जाऊ शकते. त्यांत नगरपालिकांचे जुने कचरा डेपोही पुष्कळ आहेत, कारण एके काळी कारखान्यांची पिंपं घरगुती कचऱ्याबरोबरच तिथे ओतली जायची.

जागा साफ झाली की नाव काढतात. त्याआधी जाहीर सूचना देतात, लोकांना हरकती घ्यायला ३० दिवस मिळतात आणि त्या राज्य सरकारची संमती लागते. मात्र 'साफ' म्हणजे कचरा नेला असंच नव्हे. डेपोच्या बाबतीत बहुतेक वेळा कचरा तिथेच असतो. वर चिकणमातीचं आणि प्लास्टिकचं झाकण घालतात, कचऱ्यातून खाली झिरपणारं काळं पाणी नळीनं गोळा करतात आणि शेजारच्या घरांना विहीर बंद करून नळाचं पाणी देतात.

हे इथे मांडतोय, कारण गोव्यातल्या आमच्या गावच्या सड्यावरचा, म्हणजे वरच्या सपाट कातळावरचा, वीस वर्षांचा कचऱ्याचा ढीग दोन उन्हाळ्यांत चाळून उचलला. प्लास्टिक सिमेंट भट्ट्यांकडे गेलं, माती कुठेतरी भरावाला गेली. आता पंचायतीत बोलणं चाललंय की ही जागा 'कचरा डेपो' म्हणून जिथे जिथे नोंदलेली आहे, तिथून नाव कमी करून घ्यावं आणि मैदान करावं.

माझा विरोध आहे. गेल्या जुलैत आमच्या विहिरीवर तांबूस तवंग आला होता, उन्हात निळसर चमकायचा. आईनं कळशी दोरीला बांधली, वाकून बघितलं आणि दोर न सोडताच घरी परत आली. ढीग तेव्हा उचलून झाला होता. ज्या विहिरीत माणूस कळशी सोडायला घाबरतो, तिच्या वरच्या जागेला साफ कसं म्हणायचं?

सड्याखालचं_घर

तुमच्या आईचं कळतं हो मला. मीही तशाच एका सड्याच्या पायथ्याशी राहते, तुमचा गाव वेगळा, माझा वेगळा. आमच्याकडचा डेपो बंद होऊन बरीच वर्षं झाली. ढीग नाही, वास नाही, कावळेसुद्धा फिरकत नाहीत. पण नाव तसंच आहे.

माझी सासू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबडी भाजी आणि मिरच्या घेऊन बसते. गिऱ्हाईक जुडी हातात घेतं, पानं उलटून बघतं, विचारतं, 'खंयची गो?' म्हणजे कुठली गं? ती खरं सांगते. जुडी परत टोपलीत. हे मी तिच्या शेजारी बसून बघितलंय, एकदा नव्हे, तीनदा एकाच सकाळी. हल्ली ती शेजारच्या गावाचं नाव सांगते. सत्तरी उलटलेली बाई, आयुष्यात कधी मापात मारलं नाही, आणि आता गावाचं नाव खोटं सांगावं लागतं.

घरावर मजला चढवायला कर्ज मागितलं तर मूल्यांकन करणाऱ्यानं 'कचरा डेपोलगत' अशी एक ओळ लिहिली. संपलं तिथेच.

जो ढीग आता नाही त्याची शिक्षा आम्ही किती वर्षं भोगायची? कचरा शहराचा होता. आमच्या घरातला चुलीपुढची राख आणि नारळाच्या करवंट्या, एवढाच. नाव काढायचं नसेल तर साफ करून घेण्यासाठी गावानं भांडायचं तरी कशाला?

मडगावचा_एक

ताई, राग समजतो. पण सोनसोड्याच्या, म्हणजे आमच्या मडगावच्या कचरा डेपोच्या, आसपासच्या माणसाला विचारा. २०१९ च्या मे महिन्यात तो ढीग पेटला, कितीतरी दिवस धुमसत राहिला, घराच्या खिडक्या उघडता येत नव्हत्या. त्याआधीही 'काम होत आलं' हेच ऐकत होतो आम्ही. सरकारी कागदावरच्या 'साफ' शब्दावर माझा विश्वास नाही. नाव कायम राहू दे. नाव गेलं की पैसे जातात, पैसे गेले की माणूस फिरकत नाही.

अमेरिकेचं उदाहरण काढलंच आहे तर लव्ह कॅनॉलचंही बघू. नायगारा फॉल्स गावातला अर्धवट खणलेला कालवा. १९४२ ते १९५३ एका रसायन कंपनीनं त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. तिथे शाळा झाली, घरं झाली. पुढे तळघरांत रसायनं झिरपायला लागली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली आणि शेकडो कुटुंबं हलवावी लागली. त्याच प्रकरणातून हा सुपरफंड कायदा आला. आणि त्याच जागेचं नाव २००४ साली यादीतून काढलं! २०११ साली जवळच्या रस्त्याखालच्या गटारवाहिनीचं काम करताना पुन्हा रसायनं लागली, रहिवाशी पुन्हा कोर्टात गेले. काढा आता नाव.

वकिली_डायरी

मडगावकर, ती गोष्ट अर्धी सांगितलीत. तिथल्या सरकारचं म्हणणं असं की झाकणाखालून काही गळलेलं नाही, वाहिनीत सापडलं ते जुन्या काळापासून तिथेच अडकून होतं. लोकांना ते पटलं नाही, तो भाग वेगळा. पण २००४ नंतरही तिथलं काळं पाणी उपसून शुद्ध करणं आणि कुंपण राखणं थांबलेलं नाही. कचरा जागेवर ठेवला असेल तर नाव काढल्यावरही निदान दर पाच वर्षांनी फेरतपासणी करायची, हे कायद्यातच आहे. शिवाय पुन्हा धोका दिसला तर जागा नव्यानं गुण न मोजता परत यादीत घेता येते. म्हणजे 'नाव गेलं की माणूस फिरकत नाही' हे तिथे तरी कायद्याला धरून नाही.

आपली अडचण वेगळीच आहे. आपण कुठल्या यादीबद्दल बोलतोय?

केंद्रानं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नवे नियम आणले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषित ठरली तर ते जाहीर करायचं, आणि ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा. चांगलं आहे. पण घनकचऱ्याचे डेपो त्यातून वगळलेत, कारण त्यांना वेगळे नियम आहेत. खाणकामही वगळलंय. याचा अर्थ काय होतो ते डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या तालुक्यांतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. डेपोत घातक रसायनं मिसळून मर्यादा ओलांडली असेल तरच हे नियम लागतात, आणि तसं मिसळलंय हे कळणार कधी? कुणी नमुना घेतला तर.

जुन्या डेपोंची मोजदाद होते ती स्वच्छ भारत अभियानात. तिथे किती टन उचलले आणि किती एकर मोकळे झाले एवढाच हिशेब. टन शून्यावर आले की काम झालं. कुळागरकारांच्या विहिरीला त्या तक्त्यात रकानाच नाही.

निवृत्त_प्रयोगशाळा

तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले, म्हणून लिहितोय. कुळागरकार, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा तवंग हा पुरावा नव्हे. जांभ्याच्या विहिरीत लोह असतं, लोहावर वाढणारे जिवाणू असतात आणि पावसाळ्यात असाच चमकणारा तवंग येतो, कचरा असो वा नसो. एक काठी घ्या आणि तवंगात फिरवा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा लोह. पुन्हा एकमेकांना मिळाला तर तेल. आईंना दाखवा करून.

याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा मात्र नाही. कचऱ्याचं पाणी विहिरीत उतरलंय का हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी अमोनिया, क्लोराईड, विरघळलेले क्षार बघायचे, आणि मग शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू. पिण्याच्या पाण्यात अमोनिया लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत हवा, क्लोराईड २५० च्या आत. आणि एकाच विहिरीचा आकडा घेऊन काही ठरत नाही. सड्याच्या दुसऱ्या अंगाची, कचऱ्याशी संबंध नसलेली एक विहीर जोडीला हवीच. खाजनाजवळ, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांजवळ, असाल तर क्लोराईड भरतीच्या पाण्यानंही वाढतं.

दुसरं, नमुना कधी घेतला ते विचारा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा भोकाभोकांचा दगड, पाणी त्यातून भराभर खाली जातं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यातून बाहेर पडतं. मे महिन्यात एक बाटली भरली आणि 'सर्व ठीक' लिहिलं, असं चालत नाही. भर ऑगस्टात घेतलेल्या नमुन्यातही पावसानं सगळं पातळ झालेलं असतं. पहिल्या जोरदार पावसानंतर आठवडाभरात, मग चवथीच्या सुमारास, मग थंडीत, मग एप्रिल-मेमध्ये. अशी निदान दोन वर्षं. ढीग उचलल्यावर पहिला पावसाळा तर कधीकधी जास्त वाईट जातो. इतकी वर्षं दबून बसलेली माती उघडी पडलेली असते.

आणि भरावाला गेलेल्या मातीचं कुणी विचारतच नाही. चाळणीखालची माती दिसायला खतासारखी काळी आणि मऊ, पण बॅटरीतलं शिसं, ट्यूबलाईटचा पारा, सगळं त्यातच. डेपो एका जागेहून दहा जागी गेला असं व्हायला नको. धाग्यात हे कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होतो.

सड्याखालचं_घर

सरांचं पटतं. पण दोन वर्षं म्हणता म्हणता दहा होतात, तेव्हा आम्हीच असतो तिथे.

मडगावकरांनी 'नाव कायम राहू दे' म्हटलं, त्याला उत्तर देते. ते नवे नियम आले तेव्हा बातमी होती की देशात १०३ दूषित जागा सापडल्यात आणि काम सुरू झालंय फक्त ७ ठिकाणी. आपल्या कुंकळ्ळीत बंद पडलेल्या झिंक कारखान्याचा घातक कचरा किती वर्षं पडून होता, कोर्टापर्यंत जावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक जुनी जागा कायमची यादीत बसवून ठेवली तर अधिकाऱ्याला नवी जागा आणि जुनी जागा सारखीच दिसणार. जिथे आज विष आहे तिथल्या माणसाची पाळी येणार कधी? मला वाटतं नाव काढणं हे नव्या जागेच्या माणसालाही देणं आहे आपलं.

आणि आणखी एक. नाव कधी निघणारच नसेल तर कचरा टाकणारा म्हणेल, मग साफ कशाला करू? नाहीतरी बदनाम ती बदनामच.

मडगावचा_एक

शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मान्य करतो. पण आपल्याकडे पाच वर्षांची फेरतपासणी करणार कोण? वकीलसाहेब, अमेरिकेत कायद्यात लिहिलंय. इथे डेपोसाठी असं कोण लिहून देतो?

वकिली_डायरी

आज कुणी देत नाही. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्यायचा तो 'नाव काढा' किंवा 'काढू नका' असा घेऊ नका. नाव काढायला संमती द्या, पण ठरावातच अटी लिहा: विहिरींचे क्रमांक, कोणते घटक, वर्षातून कोणत्या वेळी, खर्च कुणाचा, निकाल पंचायतीच्या फलकावर किती दिवसांत. जागा कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असेल तर त्यांनाही त्यात घ्या. आणि मैदानावर बोअरवेल मारायची नाही, पाया खणायचा नाही, हे जमिनीच्या कागदाला जोडून घ्या. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी तिथे अंगणवाडी बांधेल. लव्ह कॅनॉलवरही शाळा उभी राहिलीच की.

सड्याखालचं_घर

एक मिनिट. कागदाला जोडायचं ते कुणाच्या? ढिगाच्या जागेच्या एक-चौदा उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या कागदावर, हवं ते लिहा. शेजाऱ्यांच्या उताऱ्यावर एक अक्षर येता कामा नये. आमच्या विहिरीचा निकाल चांगला आला तर तोसुद्धा तसाच फलकावर लागला पाहिजे, तारखेसकट. तो कागद मी सासूच्या टोपलीत ठेवीन. एवढं मिळत असेल तर दोन वर्षं थांबायला मी तयार आहे.

कुळागरकार

काठी फिरवली. तवंगाचे तुकडे झाले, तसेच राहिले. आई शेजारी उभी होती, म्हणाली, 'म्हणजे चांगलं?' मी म्हटलं, अजून माहीत नाही.

मी आधी सरसकट 'काढू नका' म्हणत होतो, ते सोडतो. ताईंनी सासूबाईंचं लिहिलं ते दोन दिवस डोक्यात आहे. पण आमच्या पंचायतीत जे चाललंय ते आधी नाव काढा, मग बघू असं आहे, आणि त्याला माझा विरोध कायम आहे. आधी पाणी, मग नाव.

सर, बाटल्या कोणत्या आणाव्यात? अमोनियासाठी आणि धातूंसाठी वेगळ्या लागतात असं ऐकलंय.

निवृत्त_प्रयोगशाळा

हो, वेगळ्या. धातूंच्या बाटलीत आधीच आम्ल घातलेलं असतं, ती विसळायची नाही. अमोनियाची बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त घ्या, नाहीतर निकाल कुणी धरणार नाही. आणि सड्याच्या पलीकडची ती दुसरी विहीर आजच ठरवून ठेवा, मालकाला विचारून. पहिला मोठा पाऊस झाला की फोन करा, नमुना घ्यायला मी येतो.