मदत हवी आहे: सहा वर्षं पडून राहिलेली इनबोर्ड स्की बोट, आधी फरशी की आधी इंजिन?

वेणाकाठ

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. हिंगणा एमआयडीसीत पंप दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. मार्चमध्ये मी आणि माझ्या मावसभावाने मिळून एक जुनी स्की बोट घेतली. कामठी रोडला एका गोडाऊनमागे ती सहा वर्षं पडून होती. ज्यांनी आणली त्यांचं वॉटर स्पोर्ट्सचं काम सुरूच झालं नाही, मग तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. ताडपत्रीच्या चिंध्या झालेल्या, आत कडुनिंबाचा पाला कुजलेला आणि इंजिनाच्या पेटीखाली घोटाभर काळं पाणी. ट्रेलरसकट 1 लाख 35 हजार दिले.

अशी बोट इकडे फारशी कोणी पाहिलेली नसते म्हणून सांगतो. 19 फुटी फायबरची आहे. इंजिन मागे लटकलेलं नाही, बोटीच्या मधोमध पेटीखाली बसवलेलं आहे. त्याला लागून गिअरबॉक्स, आणि तिथून शाफ्ट तिरपा तळातून खाली जातो. पंखा बोटीच्या पोटाखाली असतो, मागच्या टोकाच्या आत. त्यामुळे दोरी धरून मागे येणाऱ्या माणसापासून तो दूर राहतो, आणि बोटीमागे लाटही कमी उठते. मागच्या फळीवर उजव्या बाजूला 12 अक्षरी हल नंबर (बोटीच्या सांगाड्याचा, म्हणजे हलचा, ओळख क्रमांक) कोरलेला आहे, त्याचे शेवटचे दोन आकडे 91, म्हणजे 1991 चं मॉडेल. इंजिन फोर्ड 351, म्हणजे 5.8 लिटरचं पेट्रोल व्ही-8, चार बॅरलचा कार्ब्युरेटर.

अवस्था अशी आहे. ड्रायव्हरच्या सीटमागे फरशीवर पाय दिला की ती दबते. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) टाकून ठेवलं आहे, त्याला चार दिवस झाले. फिरवून अजून पाहिलं नाही. डिपस्टिकवर तेल काळं आहे, पण दुधाळ नाही. टाकीत जुनं पेट्रोल आहे, त्याला वार्निशसारखा वास येऊन राहिला.

हाताशी अडीच लाख आहेत. तीन वर्षांत बाजूला टाकलेले, यापलीकडे नाहीत. माझी मुलगी 14 वर्षांची आहे, पोहण्यात चांगली आहे. विदर्भात एवढे तलाव, पण तिला स्की शिकायला जागा नाही, म्हणून हा खटाटोप. दिवाळीपर्यंत बोट पाण्यात उतरावी अशी इच्छा आहे.

पंप, मोटर, शाफ्ट, बेअरिंग हे माझं रोजचं काम आहे. फायबरचं काम कधी केलेलं नाही. भाऊ म्हणतो आधी इंजिन चालू करून पाहू, नाहीतर फरशीवर पैसा घालून काय उपयोग. मला वाटतं फरशी आधी. तुम्ही काय कराल?

मालवणचो_होडीवालो

वेणाकाठ दादा, अभिनंदन आणि थोडी काळजीची गोष्ट. फरशी दबते म्हणजे प्रश्न फरशीचा नाही, तिच्याखालच्या स्ट्रिंजरचा आहे. तळाला लांबीने जाणारे लाकडी वासे असतात, वरून फायबर चढवलेले. इंजिन त्यांच्यावरच बसतं. त्या काळातल्या बऱ्याच बोटींत ते लाकडीच असत. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत गेलं की लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरचं फायबर मात्र धडधाकट दिसतं.

आज संध्याकाळी एवढंच करा. इंजिन माउंटचे जे मोठे बोल्ट स्ट्रिंजरमध्ये गेले आहेत ते पान्याने हलके आवळून पाहा. नुसतेच फिरत राहिले, पकडच घेतली नाही, तर लाकूड गेलं. मग प्लॅस्टिकच्या हातोडीने पुढून मागे ठोकत या. चांगल्या लाकडाचा टणक आवाज येतो, कुजक्याचा बद्द. शेवटी 3 मिमीच्या ड्रिलने दर दीड फुटावर भोक पाडा. कोरडा पिवळट भुसा आला तर ठीक. काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा आला तर तिथे खूण करा. नंतर ही भोकं इपॉक्सीने बुजवता येतात.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. तळाला नीट आधार दिल्याशिवाय फरशी कापायची नाही. ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवून स्ट्रिंजर काढले तर तळ वाकतो आणि तसाच पक्का होतो. मग ती बोट कधीच सरळ धावत नाही. तळाच्या आकाराचे लाकडी पाळणे निदान चार ठिकाणी लावा. एका वेळी एकच स्ट्रिंजर बदला, दुसरा त्याची जागा धरून ठेवतो.

डोंबिवलीचा_मेकॅनिक

मी मुंबईत बोटींची इंजिनं बघतो. स्टार्टर मारून इंजिन फिरवू नका. प्लग काढलेलेच राहू द्या, पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने हळूहळू फिरवा. पूर्ण दोन फेऱ्या मोकळ्या झाल्या की मगच स्टार्टर, आणि आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) लिहून घ्या. आकडा किती यापेक्षा आठांत फरक किती, हे जास्त महत्त्वाचं.

जे कमी येईल त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व. पडून राहिलेल्या बोटीत बहुतेक वेळा व्हॉल्वच निघतो. इंजिन थांबताना जो एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा राहिला असेल, तिथून दमट हवा आत जाते आणि सीटवर गंज धरते.

दुसरं, या इंजिनाला कारसारखा रेडिएटर नसतो. तलावाचंच पाणी ओढून ते ब्लॉकमधून फिरवलं जातं आणि एक्झॉस्टमधून बाहेर टाकलं जातं. त्यामुळे मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे ओतीव पाइप) आणि त्यावरचे रायझर (त्यांना जोडलेले वर वळलेले तुकडे) आतून गंजतात, आणि भोक पडलं की पाणी थेट सिलिंडरमध्ये. दोन्ही मॅनिफोल्ड काढून, तोंडं बंद करून हवेच्या दाबाने तपासा. तुमच्या वर्कशॉपमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र) तर न बघताच नवा टाका. जुन्याच्या पाकळ्या तुटलेल्या निघाल्या तर तुकडे शोधून काढा, ते पुढे गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमध्ये जाऊन अडकतात.

तिसरं, स्टार्टर किंवा अल्टरनेटर बदलायची वेळ आली तर कबाडी बाजारातून कारचा आणून लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते. बोटीचे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे बंद केलेले असतात. कार्ब्युरेटरवर फ्लेम अरेस्टर (आतली ज्योत बाहेर येऊ न देणारी जाळी) आणि तळातली वाफ ओढणारा ब्लोअर नसेल तर चावीला हात लावू नका. आणि काही स्की बोटींत इंजिन उलटं फिरवलेलं असतं. सरळ फिरणाऱ्या 351 ची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-7-2-6-5-4-8, उलट्याची 1-8-4-5-6-2-7-3. तुमचं कुठल्या बाजूने फिरतं ते कळल्याशिवाय स्टार्टर मागवू नका.

रानवाटा_68

एवढा खर्च करण्यापेक्षा ते इंजिन भंगारात द्या, भोक बुजवा आणि मागे सेकंडहँड आउटबोर्ड लावा. पार्ट्स मिळतील तरी.

वेणाकाठ

रानवाटा दादा, तुमचा सल्ला मनापासून आहे हे कळतं. पण या बोटीचं वजन मधोमध धरून तळ बनवलेला आहे, मागे इंजिन टांगलं तर ती स्की बोट राहणार नाही. शिवाय मागे फिरणारा पंखा आणि मागे दोरीला मुलगी, हे मला नको आहे.

आज सकाळी तपासलं. डावीकडच्या इंजिन माउंटचे चारपैकी तीन बोल्ट नुसते फिरून राहिले. ड्रिल केलं तर डाव्या स्ट्रिंजरमधून काळा चोथा आला, इंजिनापासून थेट मागच्या फळीपर्यंत. उजवा पुढच्या भागात कोरडा आहे. फरशीखालचा फोम हाताने पिळला तर पाणी गळतं.

इंजिन मात्र फिरलं! दोन तास लागले, पण कुठेही न अडकता दोन फेऱ्या झाल्या. कॉम्प्रेशन सात सिलिंडरमध्ये 120 ते 130 पीएसआयच्या दरम्यान आहे, 6 नंबरमध्ये 75. तेल टाकून 80 आलं.

डोंबिवलीचा_मेकॅनिक

म्हणजे व्हॉल्व. त्या बाजूचं हेड खोलून व्हॉल्व ग्राइंड करून घ्या, नागपुरातला कोणताही जुना इंजिन बोअरिंगवाला करून देईल. हेड गॅस्केट तेवढं मरीनचंच घ्या. इंजिन वाचलं आहे.

मालवणचो_होडीवालो

मग तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्या हवामानातच आहे. स्ट्रिंजर बदलायचे तर इंजिन तसंही बाहेर काढावंच लागणार. ते काढा, स्टँडवर ठेवा, तेल टाकून झाकून ठेवा. आत्ता कोरडे दिवस आहेत तोवर फक्त फायबर करा. पावसाळ्यात लाकूड ओलं, हवा ओली, रेझिन (फायबरचे थर चिकटवून पक्के करणारा द्रव) नीट धरत नाही. पाऊस लागला की शेडमध्ये बसून हेड, मॅनिफोल्ड, वायरिंग निवांत करा. भाऊ म्हणतात ते तपासणीपुरतं बरोबर होतं, ती झाली.

फोम सगळा काढा. एक घनफूट पाणी म्हणजे 28 किलो, तुम्ही किती ओझं वाहत होता त्याचा अंदाज करा. ओल्यावर नवा थर चढवायचा नाही. प्लायवुड आयएस 710 शिक्क्याचंच घ्या. आयएस 303 स्वस्त मिळतं, पण ते घराच्या फर्निचरचं आहे.

इतवारी_फायबर

मी नागपुरातच कूलरच्या फायबर बॉड्या आणि टाक्या बनवतो. मालवणच्या दादांचं सगळं बरोबर, फक्त कोरडे दिवस म्हणजे आपल्याकडे 44 डिग्री हे त्यांना माहीत नसेल. दुपारी डब्यात कालवलेलं रेझिन पाच मिनिटांत दगड होतं, धूर निघतो. पहाटे साडेपाचला सुरू करा, नऊला थांबा. एका वेळी अर्धा किलोच कालवा, आणि खोल डब्यात ठेवू नका, पसरट भांड्यात घ्या म्हणजे तापणार नाही. पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर हिवाळ्यात दोन टक्के लागतो, मे महिन्यात एक टक्का पुरतो. त्याच्या फार खाली जाऊ नका, नाहीतर कधीच पूर्ण पक्कं होत नाही.

जिवाची गोष्ट सांगतो भाऊ. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर पक्कं करणारं रसायन) आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण घोळवा, मग हार्डनर. दोघांसाठी वेगळे चमचे, वेगळ्या बाटल्या. आणि घासताना साधा रुमाल चालत नाही, चांगला मास्क लावा. ती धूळ फुफ्फुसात बसते.

रेझिनमध्ये जुन्या फायबरवर इपॉक्सी सगळ्यात चांगली धरते, पण महाग. स्ट्रिंजर तळाला जोडायला इपॉक्सी वापरा, फरशीला पॉलिएस्टर चालेल. फक्त इपॉक्सीवर पॉलिएस्टर चढवू नका, ते धरत नाही. पहिल्या दिवशी मी येतो, हात बसेपर्यंत थांबतो.

वेणाकाठ

इतवारी भाऊ, तुमचे आभार कसे मानू? पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.

एक विचारायचं राहिलं. शाफ्ट जिथे तळातून बाहेर जातो तिथली ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती गुंडाळलेली, पाणी अडवणारी दोरी) मी पंपाला वापरतो तीच दिसून राहिली. आणि बाहेरच्या स्ट्रटमधला (शाफ्टला धरणाऱ्या कंसातला) रबरी बेअरिंग व्हर्टिकल टर्बाइन पंपाच्या लाइन शाफ्टमध्ये असतो तसाच आहे, खोबणी पडलेला, पाण्यानेच वंगण होणारा. हे इथलंच चालेल का?

डोंबिवलीचा_मेकॅनिक

मापात बसलं तर चालेल. बेअरिंगचं शेल पितळेचं असू द्या. पॅकिंग फार आवळू नका, चालताना थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे, नाहीतर शाफ्टवर चर पडतो. अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, बोट पाण्यात एक दिवस ठेवून मगच करा, ट्रेलरवरचा आकार आणि पाण्यातला आकार वेगळा असतो. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन फ्लँजमध्ये (चकत्यांमध्ये) फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चारी बाजूंनी फिरवा, फरक 0.08 मिमीच्या आत हवा.

पेट्रोलचे सगळे पाइप बदला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, 1991 चं रबर ते सोसत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून बोट महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. टाकी गळत असेल तर वेल्डिंगला नेण्याआधी पूर्ण धुवून घ्या. आतली वाफ शिल्लक असताना ठिणगी पडली तर टाकी फुटते.

पवनीकर

मध्येच लिहितो. पैसा घालण्याआधी तलावाचं ठरवा. मोटरबोटीला इनलँड व्हेसल्स कायदा 2021 लागू होतो, नोंदणी लागते, आणि तलाव ज्या खात्याच्या ताब्यात त्यांची लेखी परवानगी वेगळी. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तो विषयच सोडा. रामटेकच्या खिंडसी तलावावर बोटिंग आधीपासून चालतं, तिथे विचारणं सोपं जाईल. अर्ज आत्ताच द्या, दिवाळी लांब वाटते पण कागद हळू चालतात.

वेणाकाठ

अर्जाचं लक्षातच नव्हतं पवनीकर साहेब. सोमवारीच चौकशी करतो.

वर्कशॉपची चेनपुली मोकळी केली आहे. इंजिन गिअरबॉक्ससकट चारशे किलोच्या आसपास असेल असं धरून शनिवारी काढतो. पाळण्यासाठी लाकूड आणलं. मुलीने सगळ्या वायरींना नंबरच्या चिठ्ठ्या लावून वहीत आकृती काढून ठेवली आहे.

मालवणचो_होडीवालो

शाब्बास तिला. तिच्याच वहीत अजून एक लिहून घ्या. इंजिन उचलण्याआधी चारही माउंटची उंची हलच्या कडेला आडवी दोरी ताणून मोजा, आणि शाफ्टचा कोनही मोजून ठेवा. नवे स्ट्रिंजर त्याच मापाने कापायचे आहेत. एकदा इंजिन हललं की ते माप परत कुठेच मिळणार नाही.