केनियात आमचं नाव दुसऱ्यानंच नोंदवायला टाकलंय: आफ्रिकेतल्या ट्रेडमार्कबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचा कडबाकुट्टी यंत्रांचा छोटा कारखाना आहे. बाबांनी १९९४ साली एका शेडमध्ये सुरू केला, आता मी बघते. सहा वर्षं नैरोबीच्या एका वितरकामार्फत केनियात माल जात होता. तिकडचे गाई पाळणारे छोटे शेतकरीही नेपिअर गवत कापून घालतात, त्यामुळे यंत्र चांगलं चाललं. मागच्या वर्षी दरावरून फिस्कटलं आणि त्या वितरकाशी व्यवहार थांबला.

गेल्या आठवड्यात नाकुरूच्या एका गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. यंत्र आमचं नाही. पत्रा पातळ, चाकाला तीनऐवजी दोनच पाती. पण वर रिवेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची पाटी हुबेहूब आमची, शेवटच्या अक्षराखालच्या रेघेसकट. ती रेघ बाबांनी पहिल्या पाटीवर स्वतःच्या हातानं काढली होती. फोटो बाबांना दाखवला तर ते दिवसभर जेवले नाहीत.

चौकशी केल्यावर कळलं, त्याच वितरकानं आमचं नाव स्वतःच्या नावे नोंदवायला अर्ज केलाय आणि तो तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धही झालाय. विरोध करायला प्रसिद्धीपासून ६० दिवस असतात. त्यातले १९ गेले.

आता दुसरी अडचण. भारतात आमची वर्ग ७ मध्ये (यंत्रांचा गट) नोंदणी आहे, पण ती देवनागरी नाव आणि ज्वारीच्या कणसाच्या चित्राची. आफ्रिकेत जाणाऱ्या पाटीवर नुसतं रोमन लिपीतलं नाव असतं. माद्रिद पद्धतीनं, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जातून अनेक देशांत नोंदणी मागायची (भारत त्यात २०१३ पासून आहे), तर चिन्ह मूळ भारतीय चिन्हासारखं तंतोतंत लागतं म्हणे. मग देवनागरी चिन्हावर पुढे जावं, की रोमन नावाचा नवा अर्ज आधी भारतात करावा? आम्हाला केनिया, युगांडा, टांझानिया, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्ट हवेत. एकाच अर्जात सगळे बसतात का? हे काम केलेल्या कुणीतरी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी केनियातल्या अर्जाला विरोध, बाकी सगळं नंतर. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या एजंटानं किंवा प्रतिनिधीनं चिन्ह स्वतःच्या नावे नोंदवायला टाकलं, तर मालकाला विरोध करता येतो. पॅरिस कराराच्या (ट्रेडमार्क, पेटंट वगैरेंबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) सहाव्या कलमात याची वेगळी तरतूदच आहे आणि केनिया त्या करारात आहे. तो तुमचा वितरकच होता हे कागदावर दिसायला हवं. सहा वर्षांची इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), त्यानं तुमचं नाव लिहून ऑर्डर दिलेल्या ईमेल, सगळं तारीखवार लावा. तिकडच्या वकिलाला मुखत्यारपत्र आजच पाठवा.

रोमन नावाचा नवा अर्ज भारतात कराच. माद्रिदला मूळ नोंदणीच लागते असं नाही, प्रलंबित अर्जही चालतो. मात्र पहिली ५ वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी त्या मुळावर टांगलेली असते. इथे अर्ज पडला तर तिकडचंही पडतं. तुमचंच नाव देवनागरीत आधी नोंदलेलं आहे, म्हणून तुमच्या बाबतीत मला हा धोका कमी वाटतो. पाटी काळीपांढरीच दाखल करा. माद्रिदचं मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक आहे, रंगीत चिन्हाला ९०३. देशांचं शुल्क वेगळं.

एका अर्जात तुमचे पाचही देश बसणार नाहीत. केनिया माद्रिदमध्ये आहे. आयव्हरी कोस्टची स्वतंत्र नोंदणी नसतेच; ती याउंडेच्या ओआपीतून (आफ्रिकी देशांचं सामाईक नोंदणी कार्यालय) होते आणि त्या एका नोंदणीत सतराच्या सतरा देश येतात, सेनेगल आणि कॅमेरूनसुद्धा. ओआपीही माद्रिदमधून निवडता येते. नायजेरिया माद्रिदमध्ये नाही, तिथे थेट अर्ज. युगांडा आणि टांझानिया हरारेच्या अरिपोमधून (आफ्रिकी देशांची दुसरी सामाईक नोंदणी संस्था) घेता येतात, पण टांझानियानं अरिपोचा करार स्वतःच्या कायद्यात उतरवलेला नाही, म्हणून मी तिथे थेटच अर्ज करायला सांगतो. आणि झांझिबारची नोंदणी वेगळी असते, हे बरेच जण विसरतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल रात्री बाबांनी जुनी पेटी उघडली. पहिल्या कंटेनरचं बिल ऑफ लेडिंग सापडलं, आणि त्या वितरकाची एक ईमेलही: ‘पाटी तुमच्याच नावाची ठेवा, लोक नावानं मागतात.’ दोन्ही स्कॅन केलं. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असल्यामुळे भारतातला रोमन नावाचा अर्ज ४५०० रुपयांत होतोय, तो उद्या भरते. त्या तारखेपासून ६ महिन्यांत युगांडा आणि टांझानियात अर्ज केला तर भारतातलीच तारीख धरली जाते असं वाचलंय, म्हणजे तिथला खर्च पुढच्या हंगामावर ढकलता येईल. बरोबर ना?

नैरोबीत विरोधाची प्रकरणं चालवणारा वकील कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ४० दिवस उरलेत.